अबोलीचा नंबर

शुक्रवारी, बाजार उठत आल्यावर,
क्लोतिल्द बाई मयड्याहून दुकानात आल्या.
पिशवीत केळी, हातात विजेचं बिल,
बिलाच्या पाठीवर बॉलपेननं, अक्षर न् अक्षर सुटं :
एफ एफ बी शून्य सात सी.

"पुता, हो नंबर पळय.
चलयेन धाडला, स्विंडनच्यान.
म्हणटा, बाल्कांव ह्या रंगाचो कर."
त्यांना आधी वाटलं, पासपोर्टचा असेल.
बँकेतही दाखवून आल्या होत्या.

मी मशीनला विचारलं.
मशीनला रंग कळत नाही, हिशेब कळतो :
लाल दोनशे पंचावन्न, म्हणजे काठोकाठ,
हिरवा एकशे शहात्तर,
निळा एकशे चोवीस.

निळा?
बावीस वर्षं मी केशरी डबे विकतोय,
देवळांना, पक्षांना, चवथीच्या माटोळीखालच्या भिंतींना,
केशरीच्या पोटात निळं असतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

गंमत म्हणून निळा शून्यावर आणला.
पडद्यावरचा रंग एकदम ओरडायला लागला,
हायवेवरच्या बारच्या पाटीसारखा.
मग एकेक चढवत गेलो. तीस. सत्तर. शंभर.
आवाज उतरत गेला,
आणि एकशे चोवीसवर
तो गप्प बसला.

गप्प बसलेल्या रंगाला आमच्याकडे नाव आहे.
"अबोली," मी म्हणालो.
"आबोलीं!"
त्यांचा हात मानेमागे गेला, अंबाड्याकडे,
आणि तसाच खाली आला.
केस कापून सात वर्षं झाली होती.

"पण चलयेक हो मेळ्ळो खंय?"
त्यांनीच मग फोन काढून दिला.
बाल्कांवाच्या सोप्यावर दहा वर्षांची इव्हेट,
पुढचे दोन दात नाहीत, मांडीवर मांजर,
पाठीमागे भिंत, आणि भिंतीवर तो रंग.
म्हटलं, जुना डबा असेल तर आणा, मिळवून बघू.
"कसलो डबो? वणट सदांच धवी.
चुनो. दर वर्सा चुनो."

मी फोटो मोठा केला. आणखी मोठा.
खालच्या कोपऱ्यात फरशीवर एक सावली,
दोन्ही कोपरं वर केलेली, डोक्यावर टोपी.
"तो तिचो पापा.
दुसऱ्या दिसा बोटीर गेल्लो."
पुढं त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

स्विंडनमध्ये कुठल्यातरी पहाटे
पोरीनं एका ठिपक्यावर बोट ठेवलं असणार,
फोननं इमानानं नंबर काढून दिला असणार.
तो भिंतीचा नव्हता.
मे महिन्यातल्या साडेसहाचा होता,
टोपीवाल्याच्या पाठीमागून आलेला.

हे सांगायला हवं होतं. गिऱ्हाईक आहे, पैसे मोजतंय.
मी बटण दाबलं.
पांढऱ्या डब्यात पिवळ्याचा थेंब पडला, मग तांबड्याचा,
मग काळ्याचा एक, इतका बारीक की पडला की नाही कळेना.
तीन मिनिटं डबा हलला.
झाकणावर बोटानं लावून वाळवून दाखवला.
पडद्यावरच्याइतका नव्हता. नसतोच.
पडद्यातला रंग आतून पेटलेला असतो,
डब्यातला बाहेरून उजेड मागतो.
"पुरो," त्या म्हणाल्या. "बरो आसा."
वहीत मी नंबर नाही लिहिला. लिहिलं : अबोली, वीस लिटर, मयडे.

पंधरवड्यानं पुन्हा आल्या, ब्रश परत करायला.
"इव्हेटीक दाखयलो व्हिडिओर.
म्हणटा, सकाळीं बरोबर दिसता.
सांजे मात चड जाता. सांजे दुसरोच जाता."

मी कॅल्क्युलेटर ओढला :
दोन हात पांढऱ्याचे, मजुरी, वर प्रायमर...
त्यांनी माझ्या बोटांवर हात ठेवला.
"नाका रे. सकाळीं पुरो."

काउंटरवर फणीभर केळी होती.
ब्रशच्या केसांत मुळाशी थोडा रंग राहिलेला.
मी तो धुवायला घेतला, आणि मग तसाच ठेवला.